‘सगळे पायी येऊ’

दिवसभर मी लोकांच्या विक्रीपत्रांतल्या चतुःसीमा तपासत असतो. पूर्वेस कोणाची बांधी, पश्चिमेस कोणती पांदण, हे लिहिलेलं नसेल तर दस्त परत. साक्षीदार नसतील तरी दस्त परत. अशा माणसाच्या घरात, ऐन देवघरासमोर, त्याच्या सख्ख्या आईने एकही साक्षीदार न घेता आणि मुदत न टाकता थेट डोंगरगडच्या बमलेश्वरीशी तोंडी व्यवहार उरकला. मजकूर एका ओळीचा : नातवाले नोकरी लागू दे माय, घरचे सगळे डोंगरगडले पायी येऊ.

देवीने आपली बाजू झटपट पूर्ण केली. ताईचा मुलगा पुण्याला एका कंपनीत लागला. गोंदियात पेढे वाटले गेले, शेजाऱ्यांनी पगार विचारून घेतला, आणि मग एका रात्री आईने ताटावर बसलेल्या सर्वांना उरलेली अट ऐकवली.

“सगळे म्हणजे कोण?” मी विचारलं. सवय आहे.

“सगळे म्हणजे सगळे.”

“माझी संमती कोणी घेतली?”

“तू पोटात होता तवा तुह्यासाठी प्रतापगडचा नवस बोलली होती. तवा घेतली का तुही संमती?”

हा मुद्दा बिनतोड होता. त्यानंतर आक्षेप नोंदवला तो जिजाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, म्हणजेच ज्याला नोकरी लागली त्याच्या प्रत्यक्ष वडिलांनी. त्यांचं म्हणणं असं की ‘घरचे’ या शब्दात जावई बसत नाही. जावई हा पाहुणा. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाली, आणि दर सणाला “मी का परका आहो का जी” असं म्हणत तिसरी पुरणपोळी ओढून घेणारा हा माणूस भर पंगतीत परका झाला. आई मात्र जावयाला काही बोलणाऱ्यांतली नाही. तिने तोडगा काढला : जावईबापू सामान घेऊन लोकलने पुढच्या स्टेशनावर जातील आणि आमची वाट पाहतील. जिजाजींनी ही जबाबदारी जड अंतःकरणाने स्वीकारली आणि लगेच मोबाईलवर गाड्यांच्या वेळा पाहिल्या.

राहता राहिला खुद्द भाचा. नोकरी नवीन, प्रोबेशनचा काळ, रजा मिळेना. नोकरी लागल्यामुळे नवस, आणि नोकरी लागल्यामुळेच हा गैरहजर. यावर आईकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिने तो विषय देवीवर सोडला.

गोंदियाहून डोंगरगडला पायी जायचं तर एक अडचण कायम सोबत चालते, ती म्हणजे रेल्वे. गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा, दरेकसा, बोरतलाव, पनियाजोब आणि मग डोंगरगड. सत्तर किलोमीटरच्या वर अंतर, आणि त्यातलं बरंचसं रुळांच्या हाकेवर. हा मार्ग १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगढ रेल्वेने घातला. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने तो ताब्यात घेऊन मोठ्या रुळांचा केला. तेव्हापासून या वाटेने पायी जायला व्यवहारी कारण असं उरलेलं नाही. लोकल सव्वा-दीड तासात पोचवते. नवरात्रात तर डोंगरगडला एरवी न थांबणाऱ्या गाड्याही थांबवतात. एवढी सोय असताना त्याच रस्त्याने तळपाय भाजत जाणाऱ्यांचे जत्थे दर आश्विनात आणि चैत्रात निघतात. राजनांदगाव-दुर्गकडून येणारा लोंढा मोठा. आमच्याकडचा त्या मानाने लहान, पण खाण्याच्या बाबतीत कमी नाही. ते पुढे येईलच.

निघालो तेव्हा आमचा क्रम ठरलेला होता. पुढे आई, मग काकाजी, मग ताई आणि माझी बायको, मध्ये पोरं, मागे मी. सगळ्यांनी सोबत चालायचं, कोणी कोणाला सोडायचं नाही. फुलचूर मागे पडेपर्यंत ही शिस्त टिकली. नंतर जे झालं ते कोणत्याही कुटुंबाचं होईल. घरात आम्ही सगळे एका वेळी जेवतो, एका वेळी टीव्हीपुढे बसतो, त्यामुळे प्रत्येकाची चाल वेगळी आहे हे इतकी वर्षं कळायला मार्गच नव्हता. आई अनवाणी आणि सत्तरी ओलांडलेली, तरी ती अशी निघाली की मागे वळून पाहणं तिला माहीतच नाही. ताई आणि बायको यांची चाल विषयावर अवलंबून होती. विषय नातलगांचा असला की पाय उचलायचे, नवऱ्यांचा असला की दोघी रस्त्यातच उभ्या. काकाजी संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांना चालता चालता बोलता येत नाही आणि न बोलता राहवत नाही, म्हणून ते दर फर्लांगाला थांबत. माझी नववीतली मुलगी मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजत होती आणि दर हजाराला जाहीर करत होती. धाकटे चिरंजीव काही मोजत नव्हते, फक्त “अजून किती?” विचारत होते, तेही शहराच्या हद्दीतच.

गावाबाहेर राइस मिलांचा वास सुटला, उकडलेल्या धानाचा. मग दोन्ही अंगांना बांध्या लागल्या. हलका धान पिवळा पडत होता, भारी धान अजून हिरवा होता. काकाजी थांबले. “पाहा, किती रमणीय,” ते म्हणाले. पाहायला जवळ मीच होतो, कारण बाकीचे पुढच्या वळणापलीकडे गेले होते.

पहिला सेवेचा मंडप लागला तेव्हा आम्ही जेमतेम तासभर चाललो असू. एका शारदा मंडळाच्या पोरांनी रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकली होती. “या माताजी, बसा माताजी,” करत त्यांनी आईला खुर्ची दिली आणि सगळ्यांच्या हातात साबुदाण्याच्या उसळीचा द्रोण ठेवला. आई नऊ दिवस उपास करते, तेव्हा तिचं ठीक. आम्ही घरून आलूबोंडे खाऊन निघालो होतो. पण “प्रसादाले नाही म्हणाचं नसते,” असं आईने बजावलं. पुढच्या मंडपात केळी. त्यापुढच्यात पुन्हा साबुदाणा, वरून फल्लीचा कूट. मग उकडलेले काळे शिंगाडे, मग चहा, मग आणखी एक चहा, कारण पहिला ज्या मंडळाने दिला त्याच्या समोरच्या मंडळाला वाईट वाटू नये. ज्यांना उपास नव्हता त्यांच्यासाठी पुरी-भाजी आणि बुंदीचा भंडारा वेगळा. पायी यात्रेत माणूस वाळतो असा समज आहे. मुलीने घड्याळात पाहून सांगितलं की आपण जेवढे उष्मांक जाळले त्याच्या दुपटीने भरले, आणि हे आमगावच्या अलीकडे.

मंडपांत आणखी एक प्रकार असतो, त्याची आम्हाला कल्पना नव्हती. पायी जाणाऱ्याचे पाय धरतात. गरम पाण्याची परात येते, मिठाच्या पाण्यात पाय ठेवायला लावतात, मलम चोळतात आणि उठताना पायांवर डोकं ठेवतात. पंचावन्न वर्षांचा एक गृहस्थ माझ्यापुढे वाकला तेव्हा मी अर्धा उठून त्याचे हात धरले, त्याने माझे पाय धरले, आणि आम्ही दोघे परातीत पडता पडता वाचलो. चिरंजीवांना मात्र हा मान फार लवकर अंगवळणी पडला. आयुष्यभर सर्वांच्या पाया पडायला लावलेलं ते पोर. दुसऱ्या मंडपापासून तो खुर्चीत बसल्याबरोबर दोन्ही पाय पुढे करून ठेवू लागला. बायकोने चिमटा घेतला, तर म्हणाला, “एकच पाय दिला तर त्यांना अर्धं पुण्य लागते ना!”

दुपारनंतर कुटुंबातलं अंतर वाढत गेलं. मी मागून फोन लावायचो. ताई सांगायची, आम्ही अमुक पाटीजवळ. आई सांगायची, मी अमुक टोलीवर. दोन्हींच्या मध्ये काकाजी कुठेतरी बांधावर बसून धान पाहत असायचे. एवढ्यात आमगावच्या फलाटावरून जिजाजींचा फोन यायचा, की सामान सुखरूप आहे, आणि येथे वडे चांगले मिळतात.

आमगाव आलं तेव्हा अंधारलं होतं. एका ओळखीच्यांच्या ओसरीवर आम्ही आडवे झालो. फोड आलेल्यांनी फोड दाखवले. ज्यांना आले नव्हते त्यांनी कंबर धरली. एवढ्यात काकाजी उठून बसले आणि म्हणाले, “पद्मपूर येथून हाकेच्या अंतरावर आहे. भवभूतीचं जन्मगाव. इथवर येऊन आपण झोपणार?”

आम्ही झोपणार होतो. पण काकाजींना थांबवणं कठीण. आठव्या शतकातल्या या नाटककाराने आपलं गाव विदर्भातलं पद्मपूर म्हणून सांगून ठेवलं आहे, आणि वा. वि. मिराशींनी ते आमगावजवळचं हेच पदमपूर, असं साधार मांडलं आहे. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे ते त्यामुळेच. काकाजींनी नोकरीभर ‘उत्तररामचरित’ शिकवलं. त्यांच्या दृष्टीने डोंगरगडचं देऊळ हा या यात्रेतला दुसरा मुक्काम होता. प्रश्न एकच होता. पाय उचलत नव्हते, आणि ओसरीवाल्यांच्या मुलाने मोटारसायकल काढली होती. मोटारसायकलवर बसलं तर नवस मोडतो का?

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी विचार करून निर्णय दिला : पद्मपूर हे डोंगरगडच्या वाटेवर नाही, म्हणून नवसाच्या चतुःसीमेबाहेर आहे. काकाजी टांग टाकून बसले. मंडप नसलेल्या त्या एकाच तुकड्यावर ते वाहनाने गेले, एवढं सोडलं तर त्यांचा नवस निर्दोष.

परत आले ते भारावून. रात्रीच्या काळोखात त्यांना काय दिसलं ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. “भवभूतीच्या हयातीत त्याला हवी तशी दाद मिळाली नाही,” ते अंथरुणावर बसून सांगू लागले. “पण आपला जाणकार कधीतरी, कुठेतरी जन्मेल, हा त्याचा भरवसा होता.” असं म्हणून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. ताई घोरत होती. “आणि त्याची तिन्ही नाटकं यात्रेत झाली. कालप्रियानाथाच्या यात्रेत. प्रस्तावनेतच लिहिलं आहे.”

“मंग?” अंधारातून आईचा आवाज आला. “यात्रेत नाटक होणारच ना भाऊजी. आपल्याकडे मंडईले नाही होत का?”

काकाजी गप्प झाले. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत होते, नाटकाला रात्रभर माणसं बसतात. बाराशे वर्षांचं जे कोडं काकाजी जपून होते, ते आईने कूस बदलता बदलता सोडवलं होतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “वहिनींचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे.” तोवर मी जागा होतो, म्हणून हे माहीत.

दुसऱ्या दिवशी वाघ नदीचा पूल ओलांडला आणि मालगाड्यांनी चिरंजीवांचा ताबा घेतला. कोळशाच्या, लोखंडाच्या, एकीमागे एक. तो डबे मोजू लागला. मोजताना उभं राहावं लागतं, आणि तो उभा राहिला की मला राहावं लागतं, त्यामुळे माझी त्या गाड्यांवर काही हरकत नव्हती. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. मग त्याने मला माहिती पुरवली की २०२२ च्या १५ ऑगस्टला याच रेल्वेने ‘सुपर वासुकी’ नावाची गाडी सोडली होती. कोरब्याहून राजनांदगावपर्यंत, २९५ डबे, सहा इंजिनं, सत्तावीस हजार टन कोळसा, लांबी साडेतीन किलोमीटर.

“साडेतीन किलोमीटर!” तो म्हणाला. “म्हणजे आजी आणि तुमच्या मधात जेवढं आहे तेवढं.”

त्या क्षणी हिशेब तंतोतंत होता. फरक एवढाच की वासुकीला पुढे-मधे मिळून सहा इंजिनं होती, आमच्यात एकटी आई. एका सिग्नलला एक मालगाडी उभी होती, तिला आम्ही पायी मागे टाकलं. चिरंजीवांनी इंजिनाकडे पाहून हात हलवला, वरून लोको पायलटनेही हलवला. तो आनंद धानोलीपर्यंत पुरला.

सालेकसा सोडलं की जिल्ह्याचं रूप पालटतं. बांध्या आखडतात, मोह-तेंदूची झाडं रस्त्याशी येतात, पुढे डोंगर उभा दिसतो. मंडप विरळ झाले. साबुदाण्याला कंटाळलेली माणसं आता साबुदाण्याच्या वाटेकडे डोळे लावून चालू लागली. दरेकसा आलं तेव्हा पोरांनी हाजरा धबधब्याचा हट्ट धरला. स्टेशनाहून जवळच आहे, पावसाळा नुकता सरलेला, पाणी असणार. मी नेहमीप्रमाणे वाटेबाहेरचा निर्णय द्यायच्या तयारीत होतो, पण आईने परवानगी दिलीच नाही. “धबधब्यासाठी वेगळा नवस बोला,” म्हणाली.

दरेकसाला एका टपरीच्या बाकड्यावर एक गोंड म्हातारी बसली होती, आईच्याच वयाची. दोघींनी एकमेकींच्या पायांकडे पाहिलं. दोघी अनवाणी. तेवढी ओळख पुरली. आई शेजारी टेकली. गाव विचारून झालं, लेकरं मोजून झाली, आणि मग म्हातारीने विचारलं, “किती देवाचे वो बाई तुम्ही?”

आई विचारात पडली. मग बोटांवर मोजू लागली. “गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, महादेवाची पिंड... खंडोबाचा टाक. बमलाईचा फोटो आहे. फोटो धराचा का?”

म्हातारी इतकी हसली की तिचा चहा सांडला. मग तिने समजावून सांगितलं. गोंडांमध्ये कुळं देवांच्या संख्येवर चालतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ती सात देवांची. सारख्या संख्येचे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आईने हे कान देऊन ऐकलं. “म्हंजे पत्रिकेचं काम नाही,” ती आम्हाला म्हणाली. “आपल्याकडे छत्तीस गुण पाहून का झालं?” हे बोलताना तिने जिजाजींची आठवण काढली की माझी, ते कळलं नाही.

दरेकसाहून धनेगाव आणि तिथून कचारगडची गुहा. गोंडांचं हे मूळस्थान. माघ पुनवेला तिथे जत्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा चहूकडून लाखो लोक येतात. म्हातारीने कथा सांगितली ती अशी : कली कंकालीची ३३ लेकरं त्या गुहेत कोंडली गेली होती. दारावर भली मोठी शिळा. त्यांना सोडवायला पारी कुपार लिंगो आले, जंगो रायताड होती, आणि हिरासुका पाटालीर नावाचा वाजवणारा होता. त्याच्या वाजवण्याने लेकरांच्या अंगात बळ आलं, शिळा हलली, लेकरं बाहेर आली. हिरासुका मात्र त्याच शिळेखाली गेला. सोडवलेल्या लेकरांना लिंगोंनी जगायची रीत शिकवली, तोच कोया पुनेम.

आम्ही सगळे गप्प ऐकत होतो. कुटुंब पहिल्यांदाच एका जागी, एका लांबीत आलं होतं.

“तेहतीस जणं एका गुहेत?” चिरंजीवांनी विचारलं. “भांडले नाही?”

“भांडत असन,” म्हातारी म्हणाली. “म्हून तर आता एक जागी येतेत.”

माघात सारं घरदार घेऊन ये, असं तिने आईला सांगितलं. आई “येतो ना वो” म्हणाली. मी घाईने मध्ये पडलो आणि विचारलं की हा नवस आहे की नुसतं बोलणं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचे पैसे द्यायला उठलो. निघताना म्हातारी “जय सेवा” म्हणाली, आई “जय सेवा” म्हणाली, आणि पुढचा मैलभर ती आमच्यासोबत, आमच्याच वेगाने चालली.

दरेकसानंतर रेल्वे डोंगराच्या पोटातून बोगद्याने जाते, रस्ता डोंगराच्या पाठीवरून. इतका वेळ सोबत असलेली ती लोखंडी सोय अशी भुर्रकन आत शिरून पलीकडे निघाली, आणि नवस घाट चढू लागला. घाटात कोणी बोलेना. काकाजीसुद्धा. मुलीचं घड्याळ चार्जिंग संपून बंद पडलं. तिथून पुढची पावलं देवीलाच माहीत. चांदसूरजच्या पलीकडे महाराष्ट्र संपला. म्हणजे रस्ता तोच, झाडं तीच, फक्त मंडपातली पोरं “आवव दाई, बइठव” म्हणू लागली, आणि साबुदाण्याच्या जागी गरम चीला आणि टमाट्याची चटणी आली. आईच्या उपासामुळे तिच्या वाटचे चीले कोणी खायचे यावर जो वाद झाला तो दोन राज्यांच्या सीमेवर झाला, एवढीच त्याची ऐतिहासिक बाजू.

डोंगरगडच्या वेशीवर जिजाजी स्वागताला उभे होते. आंघोळ झालेली, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात लाल चुनरी. त्यांच्या शेजारी आमचा अवतार असा होता की एका स्वयंसेवकाने त्यांनाच विचारलं, “आपके साथ हैं क्या ये लोग?”

बमलेश्वरीचं मोठं देऊळ डोंगराच्या माथ्यावर, सोळाशे फुटांच्या उंचीवर. खाली धाकटी बमलेश्वरी, जवळ तळं. पायऱ्या हजाराच्या वर. काकाजींनी पहिल्याच पायरीवर बसून सांगितलं की हे देऊळ मुळात नवसातूनच उभं राहिलं, अशी आख्यायिका आहे. कामावती नगरीचा राजा वीरसेन, त्याला मूल नव्हतं, देवीची आराधना केली, मुलगा झाला, त्याने देऊळ बांधलं. पुढे त्याच नगरीत कामकंदला नर्तकी आणि माधवानल वादक, त्यांचं प्रेम, राजाचा राग, विक्रमादित्याची स्वारी. गोष्ट लांब होती आणि पायऱ्याही. दोन्ही एकदम नकोत, म्हणून आम्ही त्यांना उठवलं.

आणि पाहतो तर आई रोपवेच्या रांगेत.

“आई!” मी ओरडलो. “नवस?”

“काय झालं नवसाले?”

“पायी येऊ म्हणाली होतीस ना!”

“डोंगरगडले पायी येऊ म्हणली. आली ना पायी? डोंगरावर पायी चढू असं मी कधी म्हणली?”

मी मनातल्या मनात मजकूर पुन्हा वाचला. घरचे सगळे, डोंगरगडले, पायी येऊ. गावाची वेस हीच चतुःसीमा. पायऱ्यांचा उल्लेख नाही, देवळाचा नाही, गाभाऱ्याचाही नाही. इतकी वर्षं दस्त तपासतो आहे, एवढा बांधेसूद मजकूर माझ्या टेबलावर क्वचितच आला असेल. “मग आम्हीपण रोपवेने...” मी सुरुवात केली.

“तुम्ही तरणे आहा. चढा.” तिने जावयाला हाक मारली. “चला जावईबापू, तुमची तिकीट काढली.”

ती दोघं टांगत्या डब्यातून आमच्या डोक्यावरून वर गेली. जिजाजींनी खाली पाहून हात जोडले. आम्हाला की डोंगराला, ते कळलं नाही.

वर पोचलो तेव्हा आमच्या तोंडून “जय माता दी” निघण्याइतकीही हवा नव्हती. दर्शन झालं, गर्दीने आम्हाला देवीपुढे आणलं आणि गर्दीनेच पुढे नेलं. मग देवळाच्या अंगणात आईने पुण्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. ज्याच्यासाठी नवस तो हजर पाहिजे. भाच्याने कॉल घेतला, पण तो मीटिंगमध्ये होता. कॅमेरा बंद, आवाज बंद. पडद्यावर निळ्या गोलात त्याच्या नावाचं एक अक्षर. आईने फोन दोन्ही हातांत धरून कळसाकडे वळवला आणि डोळे मिटून म्हणाली, “हा पाह्य माय, हाच तो.” देवीने त्या अक्षराकडे पाहिलं असणारच.

परतीला लोकल. नवरात्राची गर्दी, तरी जिजाजींनी अनुभवाच्या जोरावर जागा धरल्या. गाडी सुटली आणि आमचा सगळा पराक्रम खिडकीतून उलटा धावू लागला. बोरतलाव आलं तसं गेलं. घाट, ज्याने आमची वाचा बसवली होती, तो बोगद्याच्या अंधारात मिनिटात संपला. “इथं माझ्या टाचेचा फोड फुटला,” ताई म्हणेपर्यंत ती जागा मागे पडलेली असायची. काकाजींनी आमगाव यायच्या आधीच पद्मपूरच्या दिशेने तोंड करून ठेवलं.

सालेकसाला एक म्हातारे गृहस्थ चढले आणि जिजाजींच्या समोर बसले. चुनरी, कुंकू, कडक सदरा हे सगळं पाहून त्यांनी आदराने विचारलं, “पायी गेलते का जी?”

“नाही” म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा जिजाजींनी घेतला, पण तो शब्द काही आला नाही. “गोंदियाहून निघालो,” ते म्हणाले. आणि मग त्यांनी जे वर्णन केलं ते आम्ही चाललेल्यांपैकी कोणालाही जमलं नसतं. बांध्यांवरचं ऊन, तळव्यांचे फोड, घाटातला काळोख, मंडपातल्या पोरांची माया. वाघ नदीच्या पुलावरून दिसलेली पहाट तर इतकी सुंदर होती की आपण ती पाहायची राहिली, असं मला वाटून गेलं. डबा स्तब्ध. ताईने कपाळाला हात लावला. आई खिडकीबाहेर पाहत होती. जावयाला ती काही बोलत नाही.

म्हाताऱ्यांनी टोपी काढली, सीटवरून उतरले आणि खाली वाकले. जिजाजी गडबडले. पाय मागे घ्यावेत की तिथेच ठेवावेत, अशा घालमेलीत त्यांनी एकच पाय थोडासा सरकवला.

“फुफाजी,” समोरच्या बाकावरून चिरंजीव म्हणाले, “दोन्ही द्या. नाही तर त्यांना अर्धंच लागते.”